जुलैनंतरचे नॉकआउट

मार्चमध्ये सपाटून मार खाऊन निवृत्तीची भाषा करणारा पाववाला डिसेंबरात विजेता झाला होता, आणि सुनेला ते अजिबात पटलं नव्हतं.

पाववाला सदतीस वर्षांचा, जड पायांचा मुष्टियोद्धा. तो कागदावरचा होता, हे वेगळं. सासरे हा खेळ चाळीस वर्षं खेळत आले होते. नव्वद वर्षांपूर्वीचा मध्यम वजनगट, त्यातल्या प्रत्येक लढवय्याचं एक कार्ड. ताकद किती, चपळाई किती, मार सोसायची तयारी किती. दोन फासे, ते टाकायला लाकडी ट्रे आणि टेबलावर घंटीचं घड्याळ. तीन मिनिटांची फेरी, पंधरा फेऱ्यांची लढत. दोन्ही फाशांवर सहा पडले की समोरचा खाली. एका फेरीत तीनदा खाली गेला की नॉकआउट. आठवड्याला एक लढत, वर्षाला पन्नास. वर्ष संपलं की वजनगटाचा आढावा लिहायचा आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या पोस्टमास्तर मित्राला धाडायचा. पोस्टमास्तर तो वर्तमानपत्रासारखा वाचत आणि उलट टपाली भांडत.

यंदा आढावा टाइप करायचं काम सुनेकडे आलं, कारण सासऱ्यांचं अक्षर बिघडलं होतं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा हात. जूनपर्यंत वहीतली अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी नीट होती. जुलैपासून मुंग्या सैरावैरा पळाल्या होत्या.

“बाबा, इथे काय लिहिलंय? ‘खलाशी खाली पडला, उठला, खाली पडला, उठला, खाली पडला’?”

“मग? तीनदा पडला. संपली लढत.”

“मागच्या पानावर डावखुराही असाच पडलाय.”

“त्या दिवशी त्याचा दिवस नव्हता.”

“आणि पुढच्या पानावर खाणवाला.”

“सूनबाई, तू टाइप करतेयस की उलटतपासणी घेतेयस?”

ती हसली, पण तिचं मन हसलं नाही. तिची नोकरी होती वजनमापं तपासायची. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक तिनं दुकानदाराच्या नुसत्या हसण्यावरून ओळखलं होतं. संशय घेणं तिच्या हाताला लागलेलं काम होतं, आणि बाळंतपणाच्या रजेत त्या हाताला नुसती लंगोटांची मोजदाद उरली होती.

रजा आता संपत आली होती. दोन तारखेला कामावर रुजू व्हायचं, आणि सहा महिन्यांची छकुली दिवसभर सासऱ्यांकडे राहणार, असं घरात कधीचं ठरलेलं. ठरवलं तेव्हा सोपं वाटलं होतं. मग नोव्हेंबरात एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि बाबांच्या लक्षातच आलं नाही. तेवढ्यानं काही होत नाही, दूध कोणाचंही उतू जातं. पण आता ही वही. तिनं गुपचूप पाळणाघराचा फॉर्म आणून पर्समध्ये ठेवला. शनिवारी तो द्यायची शेवटची तारीख होती.

दुपारी छकुली तिच्या मांडीवर दूध पीत असताना तिनं एका हातानं हिशेब मांडला. जूनपर्यंत सव्वीस लढती, नॉकआउट पाच. जुलैपासून चोवीस लढती, नॉकआउट एकवीस. आणि आणखी एक गोष्ट. आधी दुपारी बाबांच्या खोलीतून घंटी ऐकू यायची, फाशांचा खडखडाट यायचा. गेल्या सहा महिन्यांत तिनं एकदाही घंटी ऐकली नव्हती. दुपारी दोन तास बाबा छकुलीला आपल्या खोलीत नेत, दार लोटून घेत, आणि इकडे सून मेल्यासारखी झोपे. त्या खोलीतून जराही आवाज येत नसे.

म्हणजे बाबा खेळतच नव्हते. मनानं काहीतरी लिहीत होते, आणि आपण ते लिहितोय हे त्यांना ठाऊकही नसेल.

“बाबांचं काहीतरी चुकतंय,” संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. तो बूट काढत होता.

“बाबांचं कधीच चुकत नाही, हीच माझी लहानपणापासूनची तक्रार आहे.”

“चेष्टा नको. एकवीस नॉकआउट झालेत.”

“कोणाचे?”

“पाववाला, खलाशी, सगळ्यांचेच.”

नवऱ्यानं एक बूट हातात धरून तिच्याकडे पाहिलं. “तू बाबांची काळजी करतेयस की पाववाल्याची?”

“छकुलीची,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आधी फासे तपासले. बाबा अंघोळीला गेले तेव्हा पेलाभर पाण्यात भरपूर मीठ कालवून दोन्ही फासे त्यात सोडले. एका बाजूनं जड केलेला फासा असेल तर एकच बाजू वर येत राहते. हे दोघे बिचारे दर वेळी वेगळं तोंड दाखवत तरंगले. फासे प्रामाणिक निघाले. तिला वाईट वाटलं. फासे खोटे असते तर बरं झालं असतं, कारण आता उरला होता फक्त माणूस.

मग तिनं माणसाची परीक्षा घेतली. आज वार कोणता, छकुलीचं औषध किती थेंब, डॉक्टरांनी पुढच्या वेळी कधी बोलावलंय. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, “आता पाढे विचारणार का?”

“सहज विचारलं, बाबा.”

“सहज नाही. तुझ्या पर्समधून काल छकुलीचं टोपडं काढलं, तेव्हा पाळणाघराचा फॉर्म दिसला. तेव्हापासून मीही तुझ्यावर डोळा ठेवून आहे.”

बाबांनी आवाज चढवला नाही. “तुझी मुलगी आहे. नाही पटत तर नाही पटत. फक्त मला तोंडावर सांग. आडून चाचपडू नकोस.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण ती म्हणाली, “तसं काही नाही,” आणि खोटं बोलल्याची चव तोंडात घेऊन उठली.

शुक्रवारी दुपारी तिनं बाजारात जायचं निमित्त काढलं. चपला वाजवत बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि दहा मिनिटांनी चपला हातात घेऊन, किल्लीनं दार उघडून, चोरासारखी स्वतःच्या घरात शिरली. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, बोटभर फट ठेवून. फटीला डोळा लावताना तिला स्वतःची लाज वाटली. पण तिनं डोळा काढला नाही.

पाळण्यात छकुली झोपली होती. बाबांच्या उजव्या हातात पाळण्याची दोरी होती आणि ती एका लयीत पुढंमागं होत होती. टेबलावरच्या घड्याळाची घंटी कापूस भरून, वर हातरुमाल गुंडाळून बांधली होती. लाकडी ट्रे भिंतीला उभा होता. त्याच्या जागी छकुलीचं पिवळं दुपटं चार घड्या करून पसरलं होतं. बाबा डाव्या हातानं फासे उचलत, मुठीत जराही न हलवता, आणि दुपट्यावर अलगद सोडत. फासे जागच्या जागी बसत. मग तोच डावा हात पेन्सिल घेई आणि वहीत वाकडीतिकडी नोंद करी. छकुलीनं झोपेत नाक मुरडलं. बाबांची पेन्सिल थांबली. सबंध मध्यम वजनगट श्वास रोखून थांबला. छकुली पुन्हा निजली, तेव्हाच पुढचा ठोसा पडला.

सून फटीपाशी उभी राहिली आणि तिच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. दिवसातून दहा दुकानदारांना ती काय सांगत असे? गादीवर वजनकाटा ठेवू नका, मऊ जागेवर काटा खोटं बोलतो.

ती दार ढकलून आत गेली. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. हिच्या हातात चपला का, ते विचारलंही नाही.

“बाबा,” ती कुजबुजली, “फासे घरंगळतच नाहीयेत. दोन सहा पडले, ते तुम्ही तसेच उचलता, तसेच ठेवता. पुन्हा दोन सहा. म्हणून एकदा पडलेला माणूस पडतच राहतो.”

बाबांनी फाशांकडे पाहिलं. उचलले, सोडले. सहा, सहा. पुन्हा उचलले, सोडले. पुन्हा सहा, सहा. तिसऱ्यांदा सोडायचं धाडस त्यांना झालं नाही.

“घड्याळजी असून मला हे दिसलं नाही,” ते हळूच म्हणाले.

“तुम्हाला कधी शंका आली नाही?”

“पाववाला जिंकत होता. आपला माणूस जिंकत असला की फासे कोण तपासतो?” मग पाळण्याकडे पाहत, “ट्रेमध्ये टाकले असते तर वाजले असते. हलवले की एकमेकांवर आपटतात. ही टाचणी पडली तरी जागी होते, आईसारखी.”

“आणि अक्षर?”

“डाव्या हाताचं. दोरी थांबली की हिला कळतं.”

सून खाली फरशीवर बसली. गेले सहा महिने आपण दुपारी इतक्या गाढ झोपलो, हे कोणामुळे, ते तिनं कधी तपासलं नव्हतं.

“मी फटीतून बघत होते,” ती म्हणाली.

“ते चपलांवरून कळलं.”

“दूध उतू गेलं होतं त्या दिवशी...”

“त्या दिवशी चूक माझीच होती,” बाबा म्हणाले. “हिच्या ओकारीचे कपडे बदलत होतो, दूध विसरलो. पुन्हाही विसरेन एखादे वेळी. ते लपवणार नाही. आता तू ठरव.”

तिनं पर्स ओढली, फॉर्म काढला आणि पालथा करून त्यांच्यापुढे ठेवला. “मागची बाजू कोरी आहे. चोवीस लढती पुन्हा खेळाव्या लागतील. यादी मावेल ह्यावर.”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तपासणीसबाई, पाववाल्याचं विजेतेपद जाणार मग.”

“जाऊ दे. प्रामाणिकपणे हरू दे त्याला.”

आढावा रविवारी टपालात पडला. शेवटचं वाक्य सुनेनं सुचवलेलं होतं आणि बाबांनी मान्य केलेलं: जुलैपासूनचे सर्व निकाल सदोष जागेमुळे राखून ठेवले आहेत, लढवय्यांचा यात दोष नाही.

दोन तारखेला ती छकुलीच्या डोक्यावर सातव्यांदा ओठ टेकवून बाहेर पडली. फाटकाशी तिचे पाय अडले. आतून काहीच आवाज येत नव्हता. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दूध, शेगडी, औषधाची बाटली, सगळं एकदम आठवलं. एक पाय घराकडे वळलाही.

तेवढ्यात खिडकीतून घंटी वाजली, खणखणीत. मागोमाग लाकडावर फासे खडखडले आणि छकुली खदखदून हसली. पुन्हा खडखडाट, पुन्हा हसू. आता लढती ती जागी असताना व्हायच्या होत्या, असं दिसत होतं.

सून जागची हलली नाही. घड्याळावर नजर ठेवून उभी राहिली. बरोबर तीन मिनिटांनी घंटी वाजली. एक सेकंदही इकडे नाही की तिकडे नाही.

मग ती कामाला गेली.