आधी एकदा, नंतर एकदा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे; पण माझ्या उजेडात कुणी कधी एक अक्षरही वाचलेलं नाही. बोटाएवढी काचेची नळी आणि पोटात थोडासा वायू, एवढाच मी. काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं आणि मी वेधशाळेत आलो. तिथे ताऱ्याचा प्रकाश फाकवून त्याचा रंगीत पट्टा करतात आणि शेजारी माझ्या प्रकाशाच्या रेघा उमटवतात. त्या रेघांच्या जागा ठरलेल्या, म्हणून मी ताऱ्यांची फूटपट्टी. रीत अशी, की तारा पाहण्याआधी मला लावायचं आणि पाहून झाल्यावर पुन्हा एकदा लावायचं. या कामाचा मला भारी तोरा होता.

मग पीएचडी करणारी एक मुलगी आली. मऊ फडक्याने ती माझी काच पुसायची, म्हणून ती मला फार आवडे. तिच्या बाबांना तिला डॉक्टर झालेलं पाहायचं होतं. शेजाऱ्यांनी तर आपला सर्दी-खोकला तिच्यासाठी राखूनच ठेवला होता! बाबा मात्र खरंच आजारी होते, त्यामुळे तिला घाई झाली होती. त्यात ढग वेळ खायचे. मग ती मला फक्त आधी लावू लागली. नंतरचं राहून जाई.

तिच्या ताऱ्याचा पट्टा माझ्या रेघांशी ताडता मागेपुढे सरकताना दिसला; तारा किंचित डुलतोय असं वाटलं. म्हणजे त्याच्याभोवती ग्रह फिरत असणार. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली आणि प्रबंध जवळजवळ लिहून झाला.

एका दुपारी, घुमट बंद असताना, प्रबंधातल्या आकृतीसाठी तिने मला लावून रेघा घेतल्या आणि मला तसंच ठेवून ती जेवायला गेली. खोली तापली. परत येऊन तिने पुन्हा रेघा घेतल्या, तर त्या सरकलेल्या. मी तर जागचा हललो नव्हतो. उकाड्या-गारव्याने यंत्रच फुगत-आकसत होतं, रात्री तारा पाहतानाही. तिने जुन्या नोंदी काढून पुन्हा ताडल्या. मला फार वाईट वाटलं.

तिने सरांना बोलावलं. "सर, तारा डुलत नाहीये. आपलं यंत्र सरकतंय."

"परीक्षकांच्या लक्षात येणार नाही कदाचित," सर हळूच म्हणाले.

"माझ्या आलंय ना."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळे वेध नव्याने घ्यायला सांगितले. माझ्या शेजारी उभं राहूनच तिने घरी फोन लावला.

"बाबा, अजून एक वर्ष लागेल."

पलीकडे खोकल्याची उबळ आली. "नीट कर गं. मी थांबतो."

बाबांना थांबता आलं नाही. तिच्या नावाआधी 'डॉक्टर' लागलं तेव्हा ग्रहही नव्हता आणि बाबाही नव्हते. तो तारा डुलत नाही, एवढंच प्रबंधाने सिद्ध केलं होतं.

आता ती तिथेच शिकवते. नवं उपकरण आल्यापासून मी खणात स्क्रू आणि चिकटपट्ट्यांमध्ये पडून असतो. मध्यंतरी ते दुरुस्तीला गेलं, तेव्हा मला बाहेर काढलं. तारा पाहून झाला आणि तिची विद्यार्थिनी आवरू लागली.

"आधी लावला होता की, मॅडम. परत कशाला? घरी वाट बघतायत."

मला वाटलं, आता ती सगळी हकिगत सांगेल. तिने फक्त माझ्यावरची धूळ बोटाने पुसली.

"लाव. मी थांबते."

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्या रेघा फिकट होत चालल्या आहेत. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण काम आटोपलं असं वाटलं, की निघण्याआधी मला एकदा लावा.