थर्ड शिफ्टचं घर

आमच्या चाळीत दहा खोल्या, आणि ही स्वरूपा नावाची मॅडम नेमकी आमच्याच दारात कशी आली, हे मला काही केल्या समजेना. दर गुरुवारी यायची. सतरंजीवर मांडी घालून बसायची. मी आमच्या गणराजशी खेळायचं, तिने मोबाईलवर शूटिंग करायचं आणि मग तेच मला दाखवायचं. याला म्हणे अभ्यास. काही घरांत असं जायचं, काही घरांत नुसते प्रश्न विचारायचे, आणि कुठली पोरं लवकर बोलायला लागतात ते बघायचं. एकदा ‘जोखमीची कुटुंबं’ असा शब्द तिच्या तोंडून निसटला. तो मी बरोबर ध्यानात ठेवला. जोखीम कसली? आमच्या घरात काय दारूच्या बाटल्या लोळतात?

गणराज अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या होत्या, असे लोक आधी गोड बोलतात, आणि आई नालायक ठरली की पोर उचलून नेतात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी मी खोली लख्ख पुसायची, पोराला तेल लावून भांग पाडायची. मॅडमला चहा मात्र विचारायची नाही.

चुगली कुणी केली असेल? माझा संशय घरमालकीण गोजाबाईंवर. इथल्या दिघी गावातलीच जुनी बाई, दिवसभर ओट्यावर बसून कुणाकडे काय शिजतं यावर डोळा. शेवटी पाणी भरताना मी त्यांना गाठलंच.

“आमचं नाव तुम्हीच दिलं ना?”

“मी कशापायी दिऊ? तुझ्या पोराचा आवाज तरी येतो का कधी? रडल्यालं बी ऐकू येत न्हाई. गुणाचं हाय, असंच म्हनतो आमी.”

गुणाचंच होतं. माझे मिस्टर ज्योतीराम चाकणला कंपनीत आहेत. कंत्राटी माणूस, त्यामुळे कायम थर्ड शिफ्ट. सकाळी येतात आणि दिवसभर झोपतात. रात्री मशीनवर डोळा लागला तर बोटं जातील, म्हणून त्यांची झोप मोडू द्यायची नाही. खोली एकच. पोर रडलं की मी त्याच्या तोंडावर हात ठेवायची. आमच्या चाळीत सगळ्याच बाया असं करतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्या गुरुवारी मिस्टर भिंतीकडे तोंड करून पांघरुणात होते. मी वाटीखाली बटाटा लपवला, गणराजने शोधला. मग मॅडमने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, “आता त्याच्याकडे बघा.”

बटाटा सापडला, पोराचं तोंड हसायला उघडलं, आणि त्याने स्वतःचाच तळहात तोंडावर दाबला. डोळे हसत होते. आवाज नव्हता.

यासाठीच आली होती तर ही.

“हे कुणाला दाखवणार? माझं पोर न्यायला आलाव का? आमचं नाव कुणी दिलं ते आधी सांगा.”

“मी दिलं.”

मिस्टर उठून बसले होते. झोपलेच नव्हते बहुतेक. “कंपनीच्या गेटवर ह्यांची माणसं, कुणाच्या घरी बारकं पोर हाय म्हणून विचारायली होती. पोरगं मला बघितलं की तोंडावर हात ठेवायलंय, दीपमाला. मला वाटलं, मलाच भ्यायलंय. तुला कसं विचारू?”

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. ते उठले, मांडणीवरचं ताट आणि पळी काढून पोरापुढे ठेवली.

“वाजव बाळा. मी जागाच हाय.”

गणराजने पळी उचलली आणि आधी माझ्याकडे बघितलं. माझा हात त्याच्याकडे निघालाच होता. तो मी मांडीखाली दाबून धरला.