तीसचे पाच

कल्पेशनं गाडीतून आधी आजीच्या चपला काढल्या, जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या आणि मग तिचा एकेक पाय धरून त्यांत सरकवला. आजीनं उठण्यासाठी डावा हात पुढे केला.

"तो नको, आजी. सुईचा हात तो. उजवा द्या."

"इसरले रं," आजी म्हणाली आणि तिनं सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला.

डायलिसिस सेंटरच्या पायरीवर लॅपटॉपची बॅग घेऊन उभी असलेली दमयंती हे बघत होती. नवीन पनवेलच्या ऑफिसातून ती सेंटरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायला आली होती. कल्पेश नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत तिच्याच हाताखाली होता. आणि ही म्हातारी म्हणजे जनी, हे तिनं कल्पेशच्या हातातल्या फाइलीवरचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं.

"मॅडम, तुम्ही?" कल्पेश हसला. त्या हसण्यात कसलीही अढी नव्हती, आणि दमयंतीला तेच जड गेलं.

"तू इथं कसा?"

"यांना आणतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार."

"आपली गाडी येत नाही?"

"येते. या बसत नाहीत."

गावोगावच्या रुग्णांना घरून आणायचं आणि परत सोडायचं, त्या गाड्यांचं वेळापत्रक दमयंतीची कंपनी सांभाळायची. प्रोग्राम रस्ट भाषेत लिहिलेला. ही भाषा खाष्ट सासूसारखी. भांडं जरा वेडंवाकडं पडलं तरी पुढं पाऊल टाकू देत नाही, हजार चुका काढते. पण सासूच्याही नजरेतून सुटतं ते सुटतंच. प्रत्येक रुग्णाची फेरी म्हणजे प्रोग्राममधलं एक वेगळं काम. अशी शंभरेक कामं एकमेकांसाठी न थांबता चाललेली असत आणि त्या सगळ्यांवर एक पहारेकरी बसवलेला असे. कुठलं काम ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकलं की तो ते मारायचा आणि नव्यानं सुरू करायचा. पहारेकरी दमयंतीनं लिहिला होता, फेरीचं काम कल्पेशनं. एका यादीतून नाव काढायचं, ड्रायव्हरला विचारायचं, त्याच्या होकाराची वाट बघायची आणि मग नाव दुसऱ्या यादीत घालायचं. त्या वाट बघण्यासाठी कल्पेशनं तीस सेकंद मागून घेतले होते.

एका शुक्रवारी ऑफिसात पाहुणे यायचे होते. पडद्यावर रेंगाळलेली कामं लाल दिसत. चार लोकांत ते बरं दिसेना, म्हणून दमयंतीनं तीसचे पाच केले. तेही कोडमध्ये नाही, थेट सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे मागमूससुद्धा राहिला नाही. पाहुणे खूश होऊन गेले आणि ती पाचचे तीस करायला विसरली.

बाकीच्या ड्रायव्हरांनी लगेच होकार दिला, जनीच्या ड्रायव्हरला मात्र पाच सेकंद पुरले नाहीत. जनीचं नाव पहिल्या यादीतून निघालं, आणि दुसऱ्या यादीत जायच्या आत पहारेकऱ्यानं काम मारलं. नव्यानं सुरू झालेल्या कामाला यादीत नावच दिसेना, त्यामुळं त्यानं सगळं आटोपल्याची नोंद केली. शनिवारी जनी सकाळी सहापासून अकरापर्यंत दारात बसून होती. मुलगा पहाटेच बंदरावर ड्यूटीला गेलेला. दुपारी तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि पुढचे अकरा दिवस ती आयसीयूत होती.

प्रोग्रामच्या नोंदवहीत कुठलं काम बंद पडलं ते येतं, कुणी पाडलं ते येत नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं,

"हे काम कुणी लिहिलंय?"

"मी," कल्पेश म्हणाला.

दमयंतीनं मीटिंगच्या आधीच स्वतःचे पाच पाहिले होते. तिनं बोलायला तोंड उघडलंही. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. तो संपेपर्यंत तिचं धाडस संपलं होतं. संध्याकाळी तिनं गुपचूप पाचचे तीस केले. आठवड्यानं कल्पेशनं राजीनामा दिला, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं." हे वाक्य आठवलं की तिला अजूनही स्वतःची किळस यायची.

नर्सनं जनीला मशीन लावलं. ते दोघं बाहेर बाकावर बसले.

"सध्या काय करतोस?"

"दुपारी कॉलेजात शिकवतो. कोड लिहायला हात धजत नाही." तो थांबला. "यांना वॉर्डात आणल्यावर मी जाऊन सांगितलं, की चूक माझी. म्हणाल्या, मंग आता तूच ने मना. म्हणून बाबांची गाडी घेतली."

दमयंतीनं बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली.

"कल्पेश, तुझी चूक नव्हती ती."

"असं तुम्ही तेव्हाही म्हणालात, मॅडम."

"तसं नाही. आदल्या दिवशी मी तीसचे पाच केले होते. पाहुण्यांसाठी. तुझं काम बरोबर होतं. मी ते मध्येच मारलं."

कल्पेश तिच्याकडे वळला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच वेळी. मीटिंगच्या आधी."

त्यानं मान हलवली. चिडला असता, चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी ते काम घरी सोळा वेळा नव्यानं लिहून पाहिलं," तो म्हणाला. "कुठं चुकलो तेच सापडत नव्हतं." मग हातातली फाइल त्यानं तिच्या मांडीवर ठेवली. "गाडी उन्हात आहे. लावून येतो."

वीस मिनिटं झाली, तो परतला नाही. दमयंती फाइल घेऊन आत गेली आणि जनीच्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. नळीतून रक्त संथपणे फिरत होतं.

"तू कोन, बाय?"

दमयंतीनं सांगितलं. या खेपेला शब्द अडखळले नाहीत. गाडी न येण्यामागं आपला हात होता, कल्पेशचा नव्हता, आणि हे आपण नऊ महिने लपवलं, हेही तिनं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं मान खाली घातली. जनी शिव्या देईल, निदान तोंड तरी फिरवील, याची तिनं तयारी केली होती.

"त्याला ठावं हाय?" जनीनं विचारलं.

"आत्ताच सांगितलं."

 जनीचा मोकळा हात चादरीची कड चाचपत होता.

"त्याला नव्हतं सांगायचं, बाय," ती हळूच म्हणाली. "मना सांगतीस, आपुन दोगींनी बघून घेतलं असतं. तो आपली चूक हाय म्हनून येत व्हता. आता कशाला येल?"

दमयंतीनं स्टूल पुढं ओढलं.

"मी येईन, आजी. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. सहाला दारात असेन."

"तू येशील गं. तुज्याबद्दल कायबी वाईट नाय माज्या मनात." जनीनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "पन तो पावनेसहालाच येतो. मना वाट बघायला लावत नाय."

 मशीन अजून तीन तास दहा मिनिटं दाखवत होतं. मग दोघीही दाराकडे बघत राहिल्या.