नकाशातली भिंत

कट्ट.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं आणि आठ वर्षांची शांतता मोडली. आधी उजेड आत आला. मग केरीची बोटं आली, थंडगार, भांड्यांच्या साबणाचा वास असलेली.

मी एक जुना भाडेपट्टा आहे, मित्रांनो. म्हणजे घराचा कागद, पण तुम्हांला वाटतो तसा नव्हे. इंग्लंडच्या समुद्रकाठी, स्कारबरो गावातल्या एका उंच घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या केरीने विकत घेतल्या आहेत, हे खरं. पण तिच्या मालकीची आहेत ती त्या खोल्यांतली वर्षं. विटा, छप्पर, जिना आणि खालची जमीन मूळ मालकाची. वर्षं संपली की खोल्याही त्याच्या. माझ्यात एकशे पंचवीस वर्षं भरलेली होती. आता ब्याऐंशी उरली आहेत. दर वर्षी एक निघून जातं, आणि ते जाताना दार वाजत नाही.

माझा जन्म १९८१ साली एका वकिलाच्या कचेरीत झाला. जाड कागद, त्यावर टंकयंत्राची अक्षरं, कडेला हिरव्या फितीची शिवण. खरं तर आम्ही दोघं जन्मलो. माझ्यातला शब्दन्‌शब्द ज्याच्यात आहे असा माझा एक जुळा भाऊ आहे. घरात राहणाऱ्याकडे मी गेलो, मूळ मालकाकडे तो. टेबलावर तासभर आम्ही शेजारी होतो. पुन्हा कधी मी त्याला पाहिलं नाही. पण तो कुठेतरी जागा असतो, हे मला सारखं जाणवत राहतं.

माझ्या शेवटच्या पानावर या खोल्यांचा नकाशा आहे. भोवती लाल शाईची कड, आत काळ्या रेघांच्या भिंती.

माझी पहिली मालकीण मिस ऑटली. शाळेत शिकवायच्या. दर नववर्षाच्या दिवशी चष्मा लावून मला पहिल्या पानापासून वाचायच्या. कपडे रस्त्यावरून दिसतील असे वाळत घालू नयेत, असं माझ्यात लिहिलं आहे, म्हणून त्यांचे मोजे जन्मभर न्हाणीघरातच वाळले. मूळ मालक मिस्टर हेग वर्षातून एकदा चहाला यायचे. बाई त्यांना तसबिरीच्या खिळ्याचीसुद्धा परवानगी विचारायच्या.

"मिस ऑटली, खिळा ठोकणं म्हणजे भिंत पाडणं नव्हे हो," ते म्हणायचे. मग मला हातात घेऊन म्हणायचे, "पट्टा असा जपणारी माणसं आता राहिली नाहीत." तेवढ्या शब्दांवर माझं वर्ष जायचं.

बाई गेल्या. हेगही गेले. त्यांच्या मुलांनी मूळ मालकी कुठल्याशा कंपनीला विकली. लंडनमधला एक टपालपेटी क्रमांक, एवढाच तिचा पत्ता. चेहरा नाही, आवाज नाही. कुणी कधी चहाला आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. बाईंच्या भाच्याने केरी आणि तिचा नवरा डेल यांना घर विकलं, आणि डेलने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. न वाचताच.

डब्यात असलो तरी घरात काय होतं ते मला कळतं, मित्रांनो. घराचा नकाशाच माझ्या अंगावर आहे.

एका शनिवारी सकाळी डेल स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर घण घेऊन उभा राहिला. केरीला तेव्हा सातवा महिना होता.

"मालकाला विचारायला नको?" ती म्हणाली.

"कुठला मालक? तू पाहिलायस कधी? भूत आहे ते. भुताला काय विचारायचं?"

"पण कागदात काही असेल ना रे."

"कागदात असेल की चहा पिताना पाय हलवू नये. तू सरक जरा, धूळ उडेल."

माझ्या पंधराव्या कलमात लिहिलं होतं, की मालकाच्या लेखी परवानगीवाचून कुठलीही भिंत पाडू नये. कागदाला ओरडता येत नाही. दुपारपर्यंत भिंत गेली.

खरं सांगायचं तर घर उजळलं. चुलीपाशी उभं राहिलं की बैठकीच्या खिडकीतून थेट समुद्र दिसायला लागला. केरीने हात पुसता पुसता डोळेही पुसले.

पण माझ्या नकाशात ती भिंत होती तशीच होती. डेल दोन कप घेऊन रोज स्वयंपाकघरातून बैठकीत जायचा, आणि मला दिसायचं ते असं, की एक माणूस चहा न सांडता भिंतीतून चालत जातो आहे. मला त्याची भीती वाटायची. त्याच्या जिवंतपणीच वाटायची. दोन हिवाळ्यांपूर्वी बंदरावर काम करता करता त्याचं हृदय थांबलं. त्यानंतरही माझ्या नकाशातली ती रेघ कधी स्थिर झाली नाही.

आता केरीला घर विकायचं आहे. ती रुग्णालयात परिचारिका आहे, आज सकाळपाळी तर उद्या रात्रपाळी. तिची मुलगी मेबल साडेपाच वर्षांची आहे. हल नावाच्या शहरात केरीची बहीण राहते, मेबलला सांभाळायला तयार आहे, आणि तिच्याच गल्लीत एक लहानसं घर मिळतं आहे. ते घरवाले मेअखेरपर्यंत थांबतील, पुढे नाही. इथलं घर घ्यायला एक निवृत्त जोडपं आलं. त्यांना समुद्र आवडला. पण त्यांच्या वकिलाने माझा नकाशा घराशी ताडून पाहिला आणि विचारलं, इथली भिंत कुठे आहे?

केरीच्या वकीलबाई मिसेस डन यांचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर उघडा पडलो होतो.

"घाबरू नकोस गं. याच्यासाठी विमा मिळतो. मूळ मालकाने पुढेमागे भांडण काढलं तर विमावाले बघून घेतात. दोन दिवसांचं काम. फक्त एक पथ्य. मालकाला यातलं अवाक्षर कळवायचं नाही. त्याला कळलं की विमा मिळत नाही."

केरी माझी हिरवी फीत बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"केरी? आहेस ना?"

"मी पत्र लिहिलं."

"कुणाला?"

"त्यांनाच. मालकांना. माझ्या नवऱ्याने न विचारता भिंत पाडली, माफ करा, म्हणून. विक्रीच्या अर्जात विचारलं होतं ना, परवानगी घेतली होती का. मला वाटलं, आधी रीतीने माफी मागावी."

"कधी?"

"गेल्या सोमवारी. सोबत एक कार्डही टाकलं. आपल्या किनाऱ्याचं."

"कार्ड," मिसेस डन म्हणाल्या. "देवा. बरं, बघू या काय म्हणतात."

खालच्या मजल्यावरचे पिकरिंग आजोबा जिन्यात भेटले तेव्हा त्यांना हे कळलं. "अगं पोरी, चोरसुद्धा पोलिसांना आभाराचं कार्ड पाठवत नाही."

"मी चोर नाही, मिस्टर पिकरिंग."

"म्हणून तर फसलीस," ते म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन वर आले.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी. खाली सही होती, नाव नव्हतं. भिंत मूळ नकाशाप्रमाणे पुन्हा उभारावी, तोवर विक्रीला लागणारा कुठलाही दाखला मिळणार नाही. कलमाचा आकडा अचूक होता, मापंही अचूक होती. मी ते वाचलं आणि मला थंडी वाजली, कारण ते शब्द माझेच होते. इतक्या वर्षांनी अंधाऱ्या कपाटातून माझा भाऊ बोलला होता.

घर घेणाऱ्या जोडप्याने सांगितलं, भिंत झाली तर आम्ही घेऊ. आमची काय, आम्ही पुढे परवानगी काढून पाडू. हेही मी ऐकलं.

मित्रांनो, मी वाईट नाही. माझ्यात लिहिलं नसतं तर एखाद्याने घर जिच्यावर टेकून उभं आहे तीच भिंत पाडली असती. पण कुणी वाचल्यावाचून मी बोलू शकत नाही. घर घेताना माझ्यासारख्याला नीट उघडा. किती वर्षं उरली ते पाहा. हातोडा उचलण्याआधी माझं एकेक कलम वाचा. आणि चूक झालीच, तर मालकाला लिहिण्याआधी आपल्या वकिलाला सांगा. मिस ऑटलींसारखं दर वर्षी नाही जमलं, तर एकदा तरी. मला डब्यात ठेवलं म्हणून मी झोपत नाही.

आज टेरी भिंत उभारतो आहे. तो डेलचा मित्र. "पाडायला घण माझाच नेला होता त्याने," तो म्हणाला. "परत केला तेव्हा दांडा मोडलेला. भरून दे म्हटलं, तर म्हणाला, तुला समुद्र दाखवला, तो काय फुकट?" केरी हसली, आणि मग तिला टेरीकडे पाहवेना.

जुन्या भिंतीच्या जागी आता लाकडी खांब उभे आहेत. मला ते अगदी माझ्या काळ्या रेघेवर दिसतात. प्लास्टरचे तक्ते लागायचे आहेत. मेबल बैठकीत जमिनीवर बसली आहे. खांबांच्या फटीतून ती स्वयंपाकघराकडे हात हलवते. बाबा गेल्यापासून रोज हलवते. तिथे कुणी नसतं.

टेरीने पहिला तक्ता उचलला. मेबल उठून आईजवळ आली.

"आई, टेरीकाकांना थांबव ना जरा."

"का गं?"

"बाबांना विचारलं नाही आपण. भिंत झाल्यावर ते कुठल्या बाजूला राहणार?"