गॅलरी उघडा

अपडेटचं बटण लेकीनेच दाबलं होतं, त्यामुळे चिडायला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

रविवारी ती अप्पांकडे आली तेव्हा त्यांच्या फोनवर "नवीन अपडेट तयार आहे" अशी पट्टी आली होती. अप्पा ती रोज बोटाने बाजूला सारत, माशी हाकलावी तशी. लेक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. "आज टाळलंत तर उद्या जास्त दुखेल" हे वाक्य तिच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असतं. तिने बटण दाबलं, फोन चार्जिंगला लावला आणि आपल्या घरी निघून गेली.

सोमवारी सकाळपासून फोनचं बिनसलं. तो चालू व्हायचा, जेमतेम दीड मिनिट टिकायचा, मग आपणच बंद पडून परत चालू व्हायचा. बंद करून ठेवला तरी स्वतःहून उठायचा. तेवढ्यावर भागलं असतं तर अप्पांनी तो खणात टाकून दिला असता. पण त्यांची कानातली यंत्रं त्या फोनला जोडलेली होती. फोन जिवंत झाला की दोन्ही कानांत टिंग वाजायचं आणि एक बाई "कनेक्टेड" म्हणायची. दीड मिनिटाने तीच बाई "डिसकनेक्टेड" म्हणायची. दुपारपर्यंत अप्पांनी त्या बाईला सहन केलं. मग यंत्रं काढून डबीत ठेवली आणि ते ठार बहिरे होऊन बसले.

मंगळवारी तळमजल्यावरच्या शिंपीण मावशींनी लेकीला फोन केला. "तुझे वडील दार उघडत नाहीत. मी अर्धा तास बडवतेय. जिन्याकडच्या खिडकीतून बघितलं तर मजेत टेबलाशी बसलेत."

बुधवारी लेकीने रजा टाकली.

अप्पा चाळीस वर्षं घड्याळजी होते. दुकान बंद केल्यावर त्यांनी टेबल, दिवा आणि भिंग घरी आणलं होतं, आणि ओळखीच्या लोकांची कामं अजून घेत होते. लेक आली तेव्हा टेबलावर वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ सुटं पडलेलं होतं, टोले देणारं, जुनं, बैलासारखं जड. चाकं, दांडे, स्प्रिंगा, स्क्रू असं सगळं अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत मांडलेलं. शनिवारी ते परत द्यायचं होतं.

लेकीने फोन उचलला आणि अप्पांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने फोन उलटासुलटा करून बोर्ड गेला म्हणून सांगितलं. पुढच्या गल्लीतला दुसरा दुरुस्तीवाला हसतमुख होता. तो म्हणाला, "काही नाही, सगळं पुसून टाकू. दहा मिनिटांत कोरा करकरीत."

अप्पांना ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ आणि हाताने पुसल्यासारखी केलेली खूण त्यांना बरोबर कळली. त्यांनी काउंटरवरून फोन ओढून घेतला. "पुसायचं नाही. फोटो आहेत त्यात."

लेकीने बिलाच्या कागदामागे लिहिलं, "कसले फोटो?"

"घड्याळाचे. उघडताना काढलेले."

तिने लिहिलं, "हजारो घड्याळं जोडलीत तुम्ही. फोटो कशाला लागतात?"

अप्पांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि दुकानाबाहेर चालू लागले. ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडण्यात हाच तोटा असतो. तो पाठ फिरवतो आणि भांडण संपतं.

घरी येऊन लेकीने आपल्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. लेकीने सगळी हकिगत सांगितली.

"मी तुमची अडचण समजू शकते, मॅडम. फोन तुमच्या नावावर आहे का?"

"वडिलांच्या नावावर आहे."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"त्यांना ऐकू येत नाही. फोन बिघडलाय म्हणूनच ऐकू येत नाही."

"मी समजू शकते, मॅडम. पण नियम आहे."

लेकीने डोळे मिटले. अप्पांनी यंत्रं घातली तर त्यांना त्या मुलीचं बोलणं ऐकू येईल. पण बिघडलेला फोन जवळ असला की कानात ती दुसरी बाई सुरू होणार. फोन दुरुस्त करायचा तर फोन हातात हवा, आणि फोन हातात असला की अप्पांचे कान बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तोडगा शिंपीण मावशींनी काढला. गळ्यातली मापाची टेप सावरत त्या म्हणाल्या, "त्यांना माझ्याकडे खाली बसव. तू वर बस. दोन मजल्यांवरून तुझा तो फोन त्यांच्या कानात शिरणार नाही. मी जिन्यात उभी राहते."

तसंच केलं. तळमजल्यावर शिवणयंत्राशेजारी अप्पा, कानात यंत्रं आणि हातात लेकीचा चांगला फोन. दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं टाकून लेक, हातात बिघडलेला फोन. मधल्या वळणावर कठड्याला धरून मावशी.

खाली अप्पांनी जन्मतारीख सांगितली, फोन घेतलेला महिना सांगितला, मालक आपणच असल्याचं तीनदा कबूल केलं. मग मुलीने निदान केलं. फोनमध्ये जागाच उरलेली नव्हती. अपडेट अर्धं आत शिरलं आणि तिथेच अडकलं. थोडी जागा मोकळी केली तर ते पुढे सरकेल. नाहीतर सगळं पुसणं.

"जागा करायचीय म्हणतात," मावशींनी वर कळवलं.

"कुठे?"

"कुठे?" मावशींनी खाली विचारलं. खालून अप्पांचा आवाज आला. मावशी वर वळल्या. "गॅलरी उघड म्हणतात."

लेक काही बोलायच्या आत मावशी स्वतः पाय ओढत वर आल्या, खोलीतून सरळ पलीकडे गेल्या आणि गॅलरीचं दार उघडून दिलं. "घे. पण इथे कसली जागा करणार? दोन कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची आहे."

"मावशी, फोनमधली गॅलरी. फोटोंची."

"मग तसं सांगायला नको त्यांनी?" मावशी रागावून परत जिन्यात गेल्या.

फोन उठला. लेकीने पिन टाकला, फोटो उघडले, ते येईपर्यंत गोल चक्र फिरत राहिलं. पहिली ओळ दिसते तोच फोन बंद. दुसऱ्या फेरीत तिने सुप्रभाताच्या व्हिडिओंचा ढीग गाठला. अप्पांची जुनी गिऱ्हाईकं त्यांना रोज फुलं, सूर्योदय आणि सुविचार पाठवत, आणि अप्पांनी त्यातलं एकही काढून टाकलेलं नव्हतं. तिने निवडले, पुसले. फोन बंद. तिसरी फेरी, चौथी फेरी. दर वेळी पिन, दर वेळी ते चक्र.

"झाली का जागा, विचारतात," मावशी म्हणाल्या.

जागा तेवढीच होती, तसूभरही वाढलेली नाही. खालून निरोप आला की पुसलेलं सगळं आधी फोनच्या कचरापेटीत जातं, आणि पेटी वेगळी रिकामी करावी लागते.

"हे आधी सांगता येत नव्हतं?" लेक म्हणाली.

मावशींनी तो प्रश्न जसाच्या तसा खाली पोचवला. थोड्या वेळाने उत्तर आलं. "ती मुलगी म्हणते, मी समजू शकते."

सहाव्या फेरीला निरोप आला की सगळ्यात मोठा व्हिडिओ आधी उडवा, म्हणजे एका फटक्यात काम होईल. लेकीने शोधला. शनिवारचा होता, एक तास चाळीस मिनिटांचा. एवढा मोठा व्हिडिओ अप्पा कशाला काढतील? फोन दिव्याला टेकवताना भलतंच बटण दाबलं असणार, आणि तिथूनच एकेक फोटो काढत असताना व्हिडिओही चालू राहिला असणार. तिने तो उघडला.

टेबल दिसलं. अप्पांचे हात वाचनालयाच्या घड्याळाचं चाक उचलत होते. मग हात थांबले. अप्पांचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "हे कुठलं? आधी हे काढलं, मग... आत्ता माहीत होतं मला. आत्ता तर होतं."

फोन बंद पडला.

लेक काळ्या काचेकडे बघत बसली. खालून मावशींनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिने ओ दिली.

"उडवला का, विचारतात."

"तो नाही उडवायचा."

"का नाही, म्हणतात."

"कामाचा आहे. त्यांना म्हणावं, मी दुसरं काढते."

दुसरं काढायला आणखी नऊ फेऱ्या लागल्या. एकेका फेरीत दहा-बारा सूर्योदय, मग पेटी, मग बंद. तिची बोटं चुकू लागली. एकदा पिन तीनदा चुकला आणि फोनने तिला अर्धं मिनिट थांबायची शिक्षा केली. तेवढ्यात दीड मिनिट सरलंच. मावशी पायरीवर बसल्या, मग भिंतीला टेकल्या, मग त्यांनी एका सदऱ्याची बटणं लावायला आणली. पंधराव्या फेरीत फोन चालू झाला आणि बंद पडला नाही. पडद्यावर एक रेघ आली, चौसष्ट टक्क्यांवर जाऊन बसली आणि हलेना. लेक तिच्याकडे बघून काही बोलली नाही, कारण बोलली असती ते मावशींना खाली पोचवावं लागलं असतं. वीस मिनिटांनी रेघ पुरी झाली.

अप्पा जिना चढून आले. कानात एकदा टिंग झालं, बाई "कनेक्टेड" म्हणाली, आणि मग गप्प राहिली. अप्पांनी दोन मिनिटं वाट पाहिली. खांदे सैल सोडले.

"फोटो दाखव," ते म्हणाले.

फोटो सदतीस होते. त्यातल्या तिसाहून जास्त फोटोंत अंगठा होता. उरलेले हलले होते. अप्पा एकेक सरकवत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"व्हिडिओ आहे," लेक म्हणाली. "पूर्ण उघडतानाचा. चुकून निघालाय."

आवाज आधी बंद करायचा असं तिने ठरवलं होतं. पण बटण सापडायच्या आत अप्पांनी व्हिडिओ सुरू केला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. फोन यंत्रांना जोडलेला होता, आवाज थेट अप्पांच्या कानात जात होता. पडद्यावर त्यांचेच हात थांबले होते, आणि लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते बराच वेळ ऐकत राहिले. एकदा मान हलवली, दुसऱ्या कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

मग त्यांनी व्हिडिओ थांबवला. "तू ऐकलंस का हे?"

"थोडंसं."

"थोडंसंच आहे का?"

"मी तेवढंच ऐकलं."

अप्पांनी भिंग उचललं आणि परत ठेवलं. "वर्ष झालं. सुटं करताना काही होत नाही. परत जोडताना वाट सापडत नाही. म्हणून फोटो."

"मला सांगायचं ना, अप्पा."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी बटण दाबलं असतंस. थेट डोक्याचे डॉक्टर."

तिला राग आला, कारण ते खरं होतं. ती उठून आत गेली, दोन कप चहा केला आणि परत येऊन शेजारच्या स्टुलावर बसली. "आता हा व्हिडिओ शेवटून बघायचा," ती म्हणाली. "तुम्ही शेवटी काढलंत ते आधी बसवायचं. मी मागे मागे घेत जाते."

बुधवारची उरलेली दुपार, आणि गुरुवारी, शुक्रवारी दवाखाना सुटल्यावर ती येत राहिली. फोन तिच्या हातात, चिमटा अप्पांच्या. ती घाई करायची, अप्पा "थांब, परत दाखव" म्हणायचे. ती परत दाखवायची. पाचव्यांदा दाखवताना तिचा आवाज चढायचा, मग अप्पा यंत्रं काढून ठेवायची धमकी द्यायचे. एक चाक त्यांनी उलटं बसवलं आणि चूक तिच्या लक्षात आली. त्या वेळी अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की आपण काही बोललो नसतो तर बरं, असं तिला वाटलं. पण त्यांनी चाक काढून सुलटं केलं आणि म्हणाले, "नजर चांगली आहे तुझी." शुक्रवारी संध्याकाळी सगळी खोकी रिकामी झाली आणि घड्याळ चालू लागलं.

शनिवारी वाचनालयाच्या बाई हातगाडी घेऊन आल्या. अप्पांनी त्यांना चावी कशी द्यायची ते दाखवलं, लंबक वेगळा बांधून दिला. बाई निघताना म्हणाल्या, "कार्यालयातलं दुसरंही जरा मागे पडतंय. पुढच्या महिन्यात आणू का?"

"नको," अप्पा म्हणाले. "मोठी घड्याळं आता घेत नाही मी. मनगटावरचं असेल तर आणा. सेल घालून देईन, पट्टा बदलून देईन."

बाईंना काही कळलं नाही. त्या बरं म्हणाल्या आणि गाडी ढकलत गेल्या. लेक दारात उभी होती. मोठी घड्याळं न घेण्याचं आधी ठरलं नव्हतं, निदान तिच्याशी तरी नाही.

अप्पांनी टेबल पुसलं, अंड्यांची खोकी एकात एक घातली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाक. तू घेणारच आहेस, तर मला विचारून घे."

तिने फोन काढला. "मंगळवारी चालेल? सकाळी की दुपारी?"

"सकाळी," अप्पा म्हणाले. "सकाळी मी जरा बरा असतो."