नमस्कार करणारी गिटार

सोपानराव सुतारांची धाकटी लेक इनामगावात दिली त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे त्र्याहत्तर साली, दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक गिटार मान लववून नमस्कार करू लागली.

दर गुरुवारी दुपारी सोजरबाईच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नसे. तिचा नवरा कोंडिबा लोको शेडमध्ये फिटर. भीमगीतं गायचा. ही गिटार त्याला परदेशी निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं दिलेली. कोंडिबा फाल्गुनात वारला आणि चैत्रात शिरूरकडचे धूपवाले बाबा घरात शिरले.

बाबा गिटार खुर्चीत उभी बसवत, तारा पिळत, मानेमागं डब्यावर निखाऱ्यांचं धुपाटणं ठेवत, वर फडकं टाकत. मग कोंडिबाशी बोलत. जन्मभर मराठी बोललेल्या कोंडिबाला मेल्यावर हिंदी कळू लागली होती.

"कोंडिबा, प्यासा है क्या?"

घटकाभरानं फडकं काढावं तर गिटारची मान पुढं झुकलेली. बाया हात जोडत. बाबा फडक्यातनं मान चोळत, गार तीर्थ शिंपडत, की ती पुन्हा ताठ.

कोपऱ्यात कोंडिबाची लेक रंभा खोकत बसे. तिला क्षय होता. दवाखान्यातल्या सुयांनी अंग धरू लागली होती, तोवर बाबांनी फर्मावलं, "सुया बंद. सुई टोचली की बापाचा आत्मा कोपतो."

सोपानराव मागं उभं राहून हे सगळं बघत आणि गप्प राहत. त्यांना सगळं ठाऊक होतं.

माघात गिटारचा सांधा तडकला म्हणून कोंडिबानं ती त्यांच्याकडेच आणली होती. चार माणसांत त्यांनी मानेवर टिचकी मारली आणि सांगून टाकलं, "विलायती शिसव हाय." लाकूड म्हणून चिरेत उकळता सरस ओतला. शिसव मऊ पडला. तारांच्या ओढीनं मान त्यांच्या डोळ्यांदेखत वाकली. ते होतं साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक. घाईनं त्यांनी ती सुतारी चापात दाबली, ओलं पोतं गुंडाळलं. गार झाली तशी सरळ झाली. तेव्हा चिमट्याची मूठ बसवून घ्यायला आलेला एक माणूस बाकावर हसत बसला होता.

"मिस्त्री, शिसव कवापासनं इतळाया लागला?"

तोच हा बाबा. चाळीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस प्लॅस्टिकला फसला, हे चारचौघांत कोण सांगणार? सोपानराव गप्प राहतील हे बाबानं ओळखलं होतं.

भादव्यात रंभाच्या पदराला रक्त दिसलं. त्या गुरुवारी सोपानराव चहाच्या किटलीत उकळतं पाणी घेऊन सरळ पुढं गेले.

"सोजरा, तुझी फणी दे."

प्लॅस्टिकची फणी गरम पाण्यात धरली. ती वाकली.

"हे तर न्हाणीत रोजच हुतंय, आप्पा," सोजरबाई म्हणाली.

"मग फणीत कोण बसलंय? तुझी सासू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सोपानरावांनी गिटारच्या सहाही खुंट्या सैल केल्या. "आता लावा धूप, बाबा."

बाबांनी पुडाभर ऊद जाळला. खोलीत माणसं खोकून हैराण झाली, पण गिटारची मान हलेना.

"कोंडिबा रूठ गया."

"मेलेल्या माणसाला वाकाया तारंची वढ लागती व्हय?" शेजारची झुंबरबाई म्हणाली. बाबांनी झोळी उचलली.

"हे मला माघातच ठावं व्हतं," सोपानराव म्हणाले. "शिसव म्हणून बसलो व्हतो. लाज वाटली."

सोजरबाई त्यांच्याकडं वळली. "आप्पा, तुमची लाज माझ्या पोरीपरीस मोठी व्हती व्हय?"

दुसऱ्या दिवशी रंभाच्या सुया पुन्हा सुरू झाल्या. पाच महिने फुकट गेले होते.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की निखारे कुठं ठेवलेत ते आधी बघा. सापडले तर त्याच दिवशी, त्याच गर्दीत, आपली फजिती सोसून बोला. क्षयाला औषधच लागतं.

रंभा तेरा जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तरला गेली. ती एकोणीस वर्षांची होती.