रात्रपाळीची दुपार

दुपारी घरात कुणी झोपलेलं असलं की बाकीच्या घराला चोराच्या पावलांनी वावरावं लागतं. मोहोपाड्याच्या कामगार वसाहतीत हे कसब वनिताएवढं कुणालाच साधलेलं नव्हतं. नवरा, दशरथ, रात्रपाळी करून सकाळी घरी आला की ती भांडी फडक्यात गुंडाळून ठेवी, भात कुकरऐवजी पातेल्यात शिजवी, आणि शिंक आली तरी आधी मोरीत जाई. सासू बायजा दाराशी पाट टाकून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवी. घर असं श्वास धरून बसलेलं, आणि बाहेर मात्र अख्खी वसाहत टक्क जागी!

वरच्या मजल्यावर सोनालीची पोरं खुर्चीची गाडी करून घरभर फिरवत. हिरामणचा भाजीचा टेंपो फाटकाशी उभा राही आणि त्याच्याच टेप केलेल्या आवाजात मेथी, मुळा, कोथिंबीर पुकारत बसे. कुणाची हळद, कुणाचं बारसं, कुणाचा टीव्ही. यातलं कुणीही वाईट नव्हतं. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

थंडीतल्या एका सकाळी पाळी संपवून घरी येताना दशरथला मोटरसायकलवरच डुलकी लागली. रस्ता वळला, गाडी वळली नाही. डोळे उघडले ते वालाच्या शेतात. कोपर सोललं, वर शेतवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. घरी येऊन तो हसत हसत सांगू लागला तर वनिता म्हणाली, "हसू नका. आज वाल होते, उद्या टँकर असंल."

मग तोही हसला नाही.

या घराला सुरभी ओळखत होती. सुरभी विद्यापीठात झोपेवर संशोधन करणारी. गेल्या उन्हाळ्यात तिने वसाहतीतल्या रात्रपाळीवाल्यांच्या मनगटांवर घड्याळासारखे पट्टे बांधले होते. पट्टा झोप मोजतो: कधी लागली, कितीदा मोडली. वसाहतीने तिला चहा दिला, पोहे दिले, आणि वर आपली झोपही दिली. तिने त्यावर निबंध लिहिला, परदेशातल्या परिषदेत वाचला, टाळ्या घेतल्या. घेण्याची बाजू अशी भरगच्च, देण्याची बाजू कोरी. तिला त्याची रुखरुख नव्हती असं नाही. पण रुखरुखीला तारीख नसते, म्हणून ती पुढे ढकलता येते.

मग विद्यापीठात नवा वारा सुटला. संशोधन लोकांपर्यंत न्या! विभागप्रमुख म्हणाले, "एक जाहीर कार्यक्रम घ्या. फोटो पाठवा. फोटोत लोक दिसले पाहिजेत." सुरभी मनापासून हरखली. जागेपणी तिला सभागृह दिसू लागलं: पडद्यावर निळ्या लाटांसारखे झोपेचे आलेख हलताहेत, आणि समोर माणसं भाताच्या लोंब्यांसारखी हळूहळू माना डोलवताहेत.

थंडीतली एक दुपार ठरली. वसाहतीच्या सभागृहावर फलक चढला: 'झोपेविषयी जनजागृती'. वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष आबाजी, निवृत्त आणि म्हणून फार उत्साही, यांनी दोन मोठे भोंगे भाड्याने आणून गच्चीवर बसवले.

"एवढे मोठे कशाला, काका?" सुरभीने विचारलं.

"मॅडम, आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला पाहिजे. ज्ञानाचं काम आहे!"

आवाज गेला. टाकीपर्यंत गेला, टाकीवरून परत आला, आणि वाटेत एकाही घराला त्याने चुकवलं नाही. सुरभी रंगात येऊन सांगत होती, "दिवसा झोपणाऱ्या कामगारांच्या झोपेत वारंवार व्यत्यय येतो..." आणि सभागृहाचं दार उघडलं. दारात दशरथ. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, डोळे कुंकवासारखे लाल. त्याच्यामागे तशाच डोळ्यांचे आणखी काही जण, झोपेत चालत आल्यासारखे उभे.

"मॅडम," दशरथ हात जोडून म्हणाला, "तुमचं समदं पटतंय. पन जरा हळू पटवा ना. रातच्याला ड्युटी हाय."

सभागृहात हशा फुटला! सोनालीला तर हसून ठसका लागला. आबाजी घाईघाईने भोंग्याची वायर उपटायला धावले. सुरभीचा चेहरा उतरला. पण तिला ते हसू फारसं ऐकूच आलं नाही, कारण जोडलेल्या हातांखालचं सोललेलं कोपर तिला दिसलं होतं.

कार्यक्रम आटोपून ती थेट त्याच्या दारी गेली. आत दशरथ झोपेचा नाद सोडून भिंतीला टेकून बसला होता. वनिताने वालाच्या शेताची हकिगत सांगितली. त्या दिवशी त्याला एका सोबत्याच्या गाडीवर मागे बसवून कामाला धाडायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं. सुरभी पुन्हा पुन्हा माफी मागू लागली तशी पाटावरची बायजा म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे. बाय, एक इचारू?"

"विचारा ना, आजी."

"माझ्या लेकाला झोप नाय, हे तू कुनाला सांगत व्हतीस?"

"सगळ्यांनाच. म्हणजे त्याच्यासारख्या कामगारांना..."

"त्याला म्हाईत हाय की गं! ज्याची झोप मोडते त्याला कळतंच. जो मोडतो त्याला पत्ता नसतो. तो तुझ्या पट्ट्यात कुठं हाय?"

तो सुरभीच्या पट्ट्यात कुठेच नव्हता.

"मी त्यांना आकडे दाखवते, आजी."

"दाव. ती म्हनतील, अरे बापरे! आन घरी जाऊन टीवी लावतील. आकडा डोळ्याला दिसतो, कानाला नाय." बायजाने पाट जरा पुढे सरकवला. "घेताना मनगटापातूर आलीस. देताना भोंग्याशीच थांबलीस. असं कसं गं?"

शिकलेल्या माणसाला असं बोलणं लागतं, आणि लागलं तरच त्याचा उपयोग होतो. सुरभीने खाली बघत विचारलं, "मग मी काय करू?"

"आधी तू त्या खोलीत नीज. मग त्यांनाबी निजव. म्होरल्या हप्त्यात तो दुसऱ्या पाळीला जाणार. दुपारची खाट रिकामीच हाय."

पुढच्या आठवड्यात सुरभी आली ती यंत्राशिवाय. वनिताने खिडकीवर निळी चादर ओढली आणि खोलीत विहिरीच्या तळासारखा उजेड झाला. सुरभी खाटेवर पडली. पंखा संथ फिरत होता. छतावरच्या ओलीच्या डागाचा हळूहळू डोंगर झाला, डोंगराला पायवाट फुटली, पायवाटेला सावली आली, आणि ती चालू लागली. तेवढ्यात डोंगरावरून गडगडत काहीतरी आलं. वरची खुर्ची! पायवाट पुसली गेली. तिने पुन्हा डोळे मिटले. या खेपेला पाताळगंगा नदीचं पाणी आलं. त्यात पाय सोडून ती बसली, पाय हलके झाले, मग पायच उरले नाहीत. आणि पाण्यातून एकदम मेथी, मुळा, कोथिंबीर वर आली.

तिने कितीतरी माणसांच्या झोपा मोजल्या होत्या. मोडलेली झोप आतून कशी असते ते मात्र आज पाहिलं. तिच्या आलेखावर ती एक बारीकशी उभी रेघ असे. त्या प्रत्येक रेघेत एकेक डोंगर कोसळत होता!

मग तिने जिन्यातल्या बायकांना बोलावलं. भाषण नाही, फोटो नाही. फक्त येऊन थोडा वेळ पडायचं. सोनाली आधी कुरकुरली, "माझं सगळं काम पडलंय, मी काय झोपायला येऊ?" पण दुपारी आडवं व्हायचं आणि कुणी चहा मागायचा नाही, या आमंत्रणाला नाही म्हणणारी गृहिणी अजून जन्मायची आहे. सोनाली आली, पडली, डोळा लागतो न लागतो तोच छत गडगडलं.

"ही कुणाची गं कार्टी?" ती कपाळाला आठ्या घालून उठली.

वनिताने फक्त वर पाहिलं.

"अगं बाई! आमचीच?" सोनालीचा हात तोंडावर गेला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमची पोरं लहान. खेळनार नाय तर काय करनार?"

सोनाली मुकाट्याने वर गेली. संध्याकाळी खुर्चीच्या चारही पायांना जुने मोजे चढले होते.

हिरामणला आणायला बायजा स्वतः फाटकापर्यंत गेली. तो म्हणाला, "म्हातारे, मला काय सांगतेस झोपेचं? मी चालत्या टेंपोतबी झोपतो." पण बायजाचा हात मनगटावर होता. दोन मिनिटांचंच तर काम, म्हणून त्याने टेंपोवरचा टेप तसाच चालू ठेवला. निळ्या उजेडात पाठ टेकली आणि तो खरंच घोरू लागला. दिवस उजाडायच्या आधी बाजार गाठणारा माणूस तो, त्याचीही झोप कुठे पुरी होत होती? जरा वेळाने फाटकावरून आवाज चढला: "या ताई, या माई, ताजी ताजी मेथी!"

हिरामण ताडकन उठून बसला. "कोन रं त्यो दुपारचा बोंबलतोय? मानसं झोपलीत ती दिसत नाय का?"

टेप पुढे सरकला: "मुळा घ्या, कोथिंबीर घ्या!"

हिरामणने स्वतःचा आवाज ओळखला. त्याचा चेहरा असा झाला की हसावं की पाणी द्यावं ते कुणाला कळेना. शेवटी बायजाच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मानूस चांगला हाय रं तो. त्याला कुनी सांगितलं नव्हतं, येवढंच."

त्या दिवसापासून वसाहतीची दुपार हळूहळू मऊ होत गेली. हिरामण फाटकाशी आला की टेप बंद करून घरोघरी फोन करू लागला. आबाजींनी मंडळाकडून ठरवून घेतलं की हळदीचा बँड संध्याकाळीच वाजेल. आणि सुरभी रोज थोडी थोडी घरं घेऊन दाराशी बसू लागली. प्रत्येकाच्या पट्ट्याने काय सांगितलं ते साध्या शब्दांत सांगायची, आणि मग त्या घरचं ऐकायची. सगळंच सुधारलं असं नाही. कोपऱ्यावरच्या घरातला टीव्ही अजून दुपारी सासू-सुनांची भांडणं लावतो. पण आता जिन्यातून जाणारा कुणीतरी त्या दारावर हळूच टकटक करतो.

दशरथला पुन्हा रात्रपाळी लागली त्या आठवड्यात सुरभी त्याच्या पट्ट्याचा निकाल सांगायला आली. तो झोपला होता. उठवायचा प्रश्नच नव्हता. बायजाने तिच्यासाठी दुसरा पाट टाकला आणि दोघी दारात बसून राहिल्या. वारा कण्हेरीच्या पानांवरून उतरत होता, कुठेतरी एक कबूतर घुमत होतं, आणि सगळी वसाहत दूरच्या तळ्यासारखी निवांत पडली होती.

त्या शांततेत सुरभीला जे कळलं ते आपण सगळ्यांनीच ध्यानात धरावं. ज्यांच्या घरातून ज्ञान घेतलं, त्यांच्या दारात ते परत नेलं पाहिजे, आणि तेही त्यांच्या वेळेने, त्यांच्या आवाजात. भोंग्यावरून ज्ञान पोचत नाही, नुसता गलका पोचतो. आणि आपण बाकीचे, जे विद्यापीठात नाहीत, त्यांनीही एकदा शेजाऱ्याच्या खोलीत मनाने का होईना, पडून पाहावं. आपलंच घर तिथून कसं ऐकू येतं ते कळेल.

उन्हं कलल्यावर आतून खाट करकरली. दशरथ आपल्या आपण उठून दारात आला आणि सुरभीकडे लक्ष न देता आईजवळ उकिडवा बसला.

"आये, सपान पडलं."

वनिता आतून हातातलं काम टाकून बाहेर आली. "किती वर्सांनी वो?"

"आपल्या कडाव गावच्या शेतात भाताची लावनी चाललेली. म्होरं बा, मागं मी. तू बांधावरून हाका मारतीस, जेवायला चल म्हनून. मी म्हनतोय, थांब, येवढी रोपांची वळ लावून येतो."

"मग आलास का?" बायजाने विचारलं.

दशरथने डोळे चोळले. ते लाल नव्हते.

"वळ पुरी झाली," तो म्हणाला, "मगच जाग आली."